आईवाचून मूल: एका शतकाच्या संशोधनाचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये मूल रुग्णालयात भरती झाले की आईबापांची आणि त्याची जवळजवळ ताटातूट होत असे. १९४९ साली तिथल्या भेटीच्या वेळांची पाहणी झाली. गाय्ज रुग्णालयात भेट रविवारी दुपारी दोन ते चार, एवढीच. सेंट टॉमस रुग्णालयात पहिला महिनाभर भेट नाही. आईबापांनी संध्याकाळी सात ते आठ या वेळात यावे आणि झोपलेले मूल पाहून परत जावे. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना भेटताच येत नसे, आडोशापलीकडून पाहण्याची तेवढी मुभा होती. वेस्ट लंडन हॉस्पिटलमध्ये भेट मुळीच नव्हती. ही सगळी नावाजलेली रुग्णालये होती आणि तिथले डॉक्टर आपापल्या कामात वाकबगार होते.

या नियमांमागे दोन कारणे सांगितली जात. पहिले संसर्गाचे. घटसर्प, गोवर, आमांश अशा आजारांनी एकेका वॉर्डात मुले पटापट दगावलेली ज्यांनी पाहिली होती, त्यांना बाहेरून येणारा प्रत्येक माणूस धोक्याचा वाटणे स्वाभाविक होते. दुसरे कारण नर्सच्या रोजच्या अनुभवातून आलेले. आणून ठेवलेले मूल पहिले दोन-तीन दिवस आकांत करते, मग हळूहळू गप्प होते, खाऊ लागते, सांगितलेले ऐकते. आई भेटून गेली की पुन्हा रडारड. म्हणजे भेटीनेच मूल बिथरते, असा निष्कर्ष निघाला. गप्प झालेले मूल ‘रुळले’ असे धरले जाई. मूल रुळते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न सोडवायला मानसशास्त्राला आणि बालरोगशास्त्राला काही दशके लागली, आणि तो सुटेपर्यंतची किंमत हजारो मुलांनी मोजली.

आईवाचून वाढणाऱ्या मुलांच्या संस्था त्याआधी कितीतरी शतके चालत आल्या होत्या. फ्लॉरेन्समधले टाकून दिलेल्या मुलांसाठीचे आश्रयस्थान १४४५ मध्ये सुरू झाले. लंडनमध्ये टॉमस कोरम या निवृत्त नाविकाने खटपट करून १७३९ मध्ये फाउंडलिंग हॉस्पिटलची सनद मिळवली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तर पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये असेच गृह उभे केले. मुलाचा जीव वाचवणे हा या सर्व संस्थांचा पहिला हेतू होता. फुले दांपत्याने त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या गृहात जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले, म्हणजे त्याला छप्पर दिले आणि घरही दिले. बहुतेक मुलांच्या नशिबी मात्र खाटांची रांग होती.

या रांगांमध्ये मुले फार मोठ्या संख्येने मरत. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री ड्वाइट चेपिन यांनी १९१५ मध्ये अमेरिकेतल्या दहा शहरांतील अर्भकालयांची माहिती मांडली. एक अपवाद सोडता तिथे दाखल झालेली दोन वर्षांखालची मुले वाचतच नव्हती. चेपिन यांचा सल्ला साधा होता: तान्ही मुले संस्थेत ठेवू नका, कुटुंबांत वाढवायला द्या. वैद्यकाने त्यातून घेतलेला धडा मात्र जंतूंचा होता. खाटा एकमेकींपासून दूर नेल्या, मध्ये पडदे आले, नर्स मास्क बांधून वावरू लागल्या आणि मुलाला हात लावण्याचे प्रसंग शक्य तितके कमी केले गेले. मृत्यू काही प्रमाणात घटले. वाचलेली मुले मात्र वाढत नव्हती. नीट मोजून दूध देऊनही त्यांचे वजन चढत नसे.

त्या काळच्या मानसशास्त्रानेही या कोरडेपणाला पाठिंबा दिला, हे विसरता येत नाही. वर्तनवादाचे जनक जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये बालसंगोपनावर पुस्तक लिहिले. मुलांना कुरवाळू नका, मांडीवर बसवू नका, फारच वाटले तर रात्री कपाळाचे एक चुंबन घ्या आणि सकाळी हस्तांदोलन करा, असा त्यांचा उपदेश होता. मायेने मूल बिघडते, हे मत शास्त्राच्या नावावर घरोघरी पोहोचले. त्यामागे पुरावा म्हणावा असे काही नव्हते.

उलट बाजूचा पहिला ठळक प्रयोग न्यूयॉर्कच्या बेलव्यू रुग्णालयात झाला. १९३१ मध्ये तिथल्या बालविभागाची सूत्रे हाती घेतल्यावर हॅरी बॅकविन यांनी हात धुण्याची ताकीद देणाऱ्या पाट्या उतरवल्या आणि आत येणाऱ्याने एखाद्या बाळाला उचलून घेतल्याशिवाय जाऊ नये, अशी पाटी लावली. नर्सना मुलांशी खेळायला, त्यांना कडेवर घेऊन फिरायला सांगितले, आईबापांना येऊ दिले. संसर्ग वाढेल ही भीती खोटी ठरली. तो उलट कमी झाला. १९४२ मध्ये बॅकविन यांनी अर्भकांच्या एकाकीपणावर लेख लिहिला, तेव्हा एकटेपणा हे आजाराचे कारण असू शकते, ही गोष्ट वैद्यकीय नियतकालिकात स्पष्ट शब्दांत आली.

याच सुमारास आयोवा राज्यात या सबंध इतिहासातले सर्वांत विलक्षण संशोधन घडत होते. हॅरल्ड स्कील्स हे डेव्हनपोर्टच्या अनाथालयाचे मानसतज्ज्ञ. तिथल्या दीड वर्षाच्या आतल्या दोन मुली हाडांची काडे झालेल्या, दिवसभर बसून डोलत राहणाऱ्या. चाचणीत त्या गंभीर मतिमंद ठरल्या. सुधारणेची आशा नाही म्हणून त्यांना मतिमंद स्त्रियांच्या संस्थेत हलवले. काही महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेत गेले, तेव्हा त्यांना मुली ओळखू येईनात. त्या धावत होत्या, हसत होत्या, आपल्या वयाच्या मुलांसारख्या वागत होत्या. वॉर्डातल्या स्त्रियांनी आणि परिचारिकांनी त्यांना लळा लावला होता. प्रत्येकीला एकेका बाईने जणू आपलीच मानले होते. बाकीच्या जणी कौतुक करायला होत्याच.

स्कील्स यांनी हा योगायोग तपासून पाहायचे ठरवले. एकूण १३ मुले अशा प्रकारे त्या स्त्रियांच्या हवाली झाली. अनाथालयातच राहिलेल्या १२ मुलांशी त्यांची पुढे तुलना केली गेली. पाठवलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ६४ होता, मागे राहिलेल्यांचा ८७. म्हणजे मागे राहिलेली मुले सुरुवातीला बरीच पुढे होती. साधारण दीड ते अडीच वर्षांत पाठवलेल्या मुलांची सरासरी ९२ पर्यंत गेली आणि अनाथालयातली ६० च्या आसपास घसरली. स्कील्स आणि हॅरल्ड डाय यांनी हे निष्कर्ष १९३९ मध्ये छापले, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. बुद्धी जन्मजात आणि अचल असते, असे मानणारा लुइस टर्मन यांचा गट त्या वेळी प्रबळ होता. संख्याशास्त्राच्या चुका काढल्या गेल्या, हेतूंवर शंका घेतली गेली. स्कील्स युद्धात लष्करी सेवेत गेले आणि विषय मागे पडला.

वीसेक वर्षांनी त्यांनी ती सगळी मुले पुन्हा शोधून काढली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा पाठपुरावा वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो. मायेच्या हातांत गेलेल्या १३ पैकी ११ जण पुढे दत्तक गेले होते. तेराही जण आता आपल्या पायांवर उभे होते, त्यांचे मध्यक शिक्षण बारावीपर्यंत झाले होते. दुसऱ्या गटातला एक जण संस्थेतच मरण पावला होता, चार जण अजून संस्थांमध्येच होते आणि गटाचे मध्यक शिक्षण तिसरीपर्यंतही पोहोचत नव्हते. नमुना लहान होता, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे आक्षेप खरे आहेत. तरीही इतकी खोल दरी केवळ आकड्यांच्या खेळाने पडत नाही. मतिमंद म्हणून समाजाने बाजूला सारलेल्या स्त्रियांनी जे साधले ते प्रशिक्षित संस्थेला साधले नव्हते, ही गोष्ट या संशोधनातून ठसठशीतपणे पुढे येते.

व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आलेले मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये दोन संस्थांची तुलना प्रसिद्ध केली. एक होते टाकून दिलेल्या मुलांचे गृह. तिथे स्वच्छता उत्तम, आहार चांगला. पण साधारण आठ बाळांमागे एक नर्स, आणि पाळण्यांच्या कडांवर चादरी टांगलेल्या, त्यामुळे बाळाला छताखेरीज काही दिसत नसे. दुसरे होते स्त्रियांच्या तुरुंगातले पाळणाघर; तिथे कैदी आया आपापल्या बाळांना स्वतः सांभाळत. तुरुंगातली मुले धडधाकट वाढली, एकही दगावले नाही. पहिल्या संस्थेतल्या ९१ मुलांपैकी दोन वर्षांत ३४ मरण पावली. मागे राहिलेल्या २१ मुलांची दोन ते चार वर्षांच्या वयात पाहणी झाली, तेव्हा वाक्य बोलू शकणारे मूल एकच होते. स्पिट्झ यांच्या पद्धतीवर १९५५ मध्ये सॅम्युएल पिनो यांनी कडक टीका केली आणि त्यातले काही मुद्दे आजही मान्य होतात. परंतु स्पिट्झ यांनी आकड्यांच्या जोडीला कॅमेराही वापरला होता. आईपासून दुरावलेल्या बाळांच्या शोकावरचा त्यांचा १९४७ चा मूकपट ज्यांनी पाहिला त्यांना ते चेहरे विसरता आले नाहीत.

या सगळ्या विखुरलेल्या निरीक्षणांना एका सिद्धांतात गुंफले ते जॉन बोल्बी यांनी. १९०७ साली लंडनच्या उच्चभ्रू घरात त्यांचा जन्म झाला. वडील राजघराण्याचे शल्यचिकित्सक. त्या वर्गाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना आई दिवसातून थोडाच वेळ भेटे. सांभाळ करणारी लाडकी दाई ते चार वर्षांचे होण्याआधी घर सोडून गेली. पुढे ते मनोचिकित्सक झाले आणि मनोविश्लेषणाचे शिक्षण घेऊ लागले. मेलनी क्लाइन यांच्या देखरेखीखाली ते एका तीन वर्षांच्या मुलावर उपचार करत होते. मुलाची आई कमालीची चिंताग्रस्त होती, पण तिच्याशी बोलायला क्लाइन यांनी मनाई केली, कारण त्यांच्या मते प्रश्न मुलाच्या अंतर्मनातल्या कल्पनांचा होता. तीन महिन्यांत त्या आईलाच मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. मुलाच्या आयुष्यात प्रत्यक्ष काय घडते याला महत्त्व द्यायचे की नाही, यावर बोल्बी आणि त्यांचे गुरुजन यांच्यात पडलेली फूट पुढे कधी सांधली नाही.

लंडनच्या बाल-मार्गदर्शन केंद्रात बोल्बी यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलामुलींच्या नोंदी अभ्यासल्या. १९४४ मध्ये छापलेल्या या अभ्यासात १४ जण त्यांना भावशून्य वाटले: कोणाबद्दल ओढ नाही, केल्याची खंत नाही. या १४ पैकी १२ जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून दुरावलेले होते. उरलेल्या ३० जणांमध्ये असे पाचच होते. तपासणारा आणि निष्कर्ष काढणारा माणूस एकच असल्याने हा पुरावा कच्चाच म्हणावा लागतो. तरी प्रश्न योग्य होता, आणि युद्धाने तो ब्रिटनभर उभा केला. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने मुले शहरांतून खेड्यांत हलवण्यात आली. काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसे हलली, त्यात मोठी संख्या आईबापांविना निघालेल्या शाळकरी मुलांची होती. त्याच वर्षी डिसेंबरात बोल्बी, डोनल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून पाच वर्षांखालच्या मुलांना आईपासून तोडण्याचा धोका कळवला. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेडमध्ये युद्धकाळातली पाळणाघरे चालवली आणि तिथल्या मुलांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या.

युद्धानंतर युरोपात निराधार मुलांची संख्या प्रचंड होती. नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने बोल्बी यांना या प्रश्नावर अहवाल लिहायला सांगितले. तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाला आईशी किंवा कायमची आई म्हणून वागणाऱ्या व्यक्तीशी उबदार, जवळचे आणि सलग नाते मिळणे हे त्याच्या मानसिक आरोग्याला आवश्यक आहे, असे त्यात ठामपणे मांडले होते. दोन वर्षांनी निघालेली त्याची सर्वसामान्यांसाठीची आवृत्ती प्रचंड खपली आणि अनेक भाषांत गेली.

अहवालाने धोरणकर्ते विचारात पडले. रुग्णालयांची दारे मात्र एका चित्रपटाने किलकिली केली. जेम्स रॉबर्टसन हे स्कॉटलंडमधल्या कामगारवस्तीत वाढलेले गृहस्थ. युद्धकाळात ते हॅम्पस्टेडच्या पाळणाघरात बॉयलर सांभाळण्याचे काम करत. ॲना फ्रॉइड यांचा नियम असा की तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने, बॉयलरवाल्यानेसुद्धा, मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहायचे. त्या शिस्तीत रॉबर्टसन यांची नजर तयार झाली. १९४८ मध्ये बोल्बी यांनी त्यांना टॅविस्टॉक क्लिनिकमध्ये घेतले आणि रुग्णालयातल्या मुलांचे निरीक्षण करायला पाठवले.

रॉबर्टसन यांना वॉर्डात जे दिसले त्याच्या त्यांनी तीन अवस्था सांगितल्या. आधी निषेध: मूल रडते, दाराकडे पाहते, आईला हाका मारते. मग निराशा: रडणे कमी होते, मूल कोपऱ्यात खिळल्यासारखे बसते. शेवटी अलिप्तता: ते पुन्हा खेळू लागते, कोणाकडेही जाते, आणि आई आली तर तिच्याकडे पाहत नाही. नर्स ज्याला रुळणे म्हणत होत्या ती हीच तिसरी अवस्था होती. मूल बरे झालेले नव्हते. त्याने आशा सोडलेली होती.

डॉक्टरांना हे पटेना. तेव्हा रॉबर्टसन यांनी एक साधा कॅमेरा घेतला. यापूर्वी त्यांनी चित्रीकरण कधी केले नव्हते. सोयीचे तेवढेच टिपले असा आरोप होऊ नये म्हणून मूल आधी यादीतून सहज निवडले आणि रोज ठरावीक वेळी चित्रण केले. चौकटीत घड्याळ दिसत राहिले. निवडली गेलेली लॉरा दोन वर्षे पाच महिन्यांची होती. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तिला आठ दिवस रुग्णालयात राहायचे होते. ही मुलगी कमालीची संयमी निघाली. ती फारशी रडली नाही. ओठ घट्ट मिटून, मधूनच आईची चौकशी करत, हातातले खेळणे आवळत तिने ते दिवस काढले. दिवसागणिक तिचा चेहरा विझत गेला. आई येई तेव्हा ती तोंड फिरवू लागली, आणि घरी जाताना तिने आईचा हात धरायला नकार दिला.

नोव्हेंबर १९५२ मध्ये हा चित्रपट लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवला गेला. सभागृहात संताप उसळला. बालरोगतज्ज्ञांची बदनामी केली, अपवादात्मक मूल निवडले, हा चित्रपट मागे घ्यावा, असे आरोप आणि मागण्या झाल्या. ॲमर्शमचे डॉक्टर डर्मॉड मॅकार्थी हेही त्या वेळी चिडले होते. पण आपल्या वॉर्डात परतल्यावर त्यांना लॉरासारखी मुले दिसू लागली, आणि काही काळाने त्यांनी आयांना वॉर्डात राहण्याची मोकळीक दिली. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स हे तर १९२० च्या दशकापासूनच आयांना बाळांबरोबर ठेवून घेत होते आणि त्यात काही बिघडले नव्हते. म्हणजे उदाहरण डोळ्यांसमोर होते, ते पाहण्याची तयारी नव्हती.

सरकारने १९५६ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५९ च्या तिच्या अहवालाने आईबापांना कोणत्याही वाजवी वेळी भेटू द्यावे आणि लहान मुलांच्या आयांना मुक्काम करता यावा, अशी शिफारस केली. शिफारस कागदावर राहू नये म्हणून १९६१ मध्ये लंडनच्या बॅटर्सी भागातल्या आयांनी संघटना काढली. एकेक रुग्णालय गाठून ती नियम बदलायला लावत राहिली. तज्ज्ञांनी सुरू केलेले काम आयांनी तडीस नेले.

मूल आईला का बिलगते, याचे उत्तर अजून नीट मिळालेले नव्हते. मनोविश्लेषक आणि वर्तनवादी यांचे इतर बाबतीत हाडवैर असले तरी इथे दोघे एकच उत्तर देत: ती दूध देते म्हणून. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांवर हे तपासले. पिलांना दोन कृत्रिम आया दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईकडे असली तरी पिले दिवसाचे कितीतरी तास कापडी आईला चिकटून राहत. भूक लागली की तेवढ्यापुरती तारेकडे जात. १९५८ मध्ये हार्लो यांनी हे जाहीर केले आणि दुधाचे स्पष्टीकरण निकालात निघाले. पिलांना महिनोन्महिने पूर्ण एकांतात ठेवण्याचे त्यांचे पुढचे प्रयोग क्रूर होते. ज्ञानाच्या नावाने त्यांचे समर्थन होऊ शकत नाही.

बोल्बी यांनी प्राणिवर्तनाच्या अभ्यासातून आपल्या सिद्धांताला पाया दिला. असहाय पिलाने मोठ्याच्या जवळ राहणे ही उत्क्रांतीने घडवलेली, जीव वाचवणारी प्रवृत्ती आहे. रडणे, हसणे, मागे रांगत येणे ही त्या प्रवृत्तीची साधने आहेत. हा अनुबंधाचा सिद्धांत त्यांनी १९६९, १९७३ आणि १९८० मध्ये निघालेल्या तीन खंडांत सविस्तर मांडला. मनोविश्लेषकांनी त्यांना जवळपास वाळीत टाकले होते.

सिद्धांत मोजण्याजोगा केला तो मेरी एन्सवर्थ यांनी. टोरांटोत शिकलेल्या या मानसशास्त्रज्ञ १९५० मध्ये वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून बोल्बी यांच्याकडे आल्या. नंतर पतीच्या नोकरीमुळे त्यांना युगांडात जावे लागले. कंपालाजवळच्या खेड्यांत त्यांनी लुगांडा भाषा शिकून २६ कुटुंबांतील बाळांचे घरी जाऊन निरीक्षण केले. पुढे बाल्टिमोरमध्येही २६ कुटुंबे घेतली. जन्मापासून वर्षभर दर तीन आठवड्यांनी चार तासांची भेट, म्हणजे प्रत्येक कुटुंबामागे सुमारे ७२ तास. वर्षाच्या शेवटी बाळ आणि आई यांना विद्यापीठातल्या अनोळखी खोलीत बोलावले जाई. वीस मिनिटांत आई दोनदा बाहेर जाई, दोनदा परत येई, मध्ये एक परकी स्त्री येई. आई गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते, हे एन्सवर्थ यांनी महत्त्वाचे मानले. सुमारे दोन तृतीयांश मुले आईला बिलगून शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत. काही मुले तिच्याकडे दुर्लक्ष करत, आणि त्यांच्या घरच्या नोंदींत आई बाळाला झिडकारत असल्याचे आढळे. काही चिकटत आणि त्याच वेळी रागाने ढकलत. त्यांच्या आया कधी प्रतिसाद देत, कधी नाही. रडणाऱ्या बाळाला चटकन उचलले तर ते लाडावते, हा समज या अभ्यासाने मोडीत काढला. ज्यांना पहिल्या महिन्यांत तत्परतेने उचलले गेले ती बाळे वर्षअखेर कमी रडत होती. १९८० च्या दशकात मेरी मेन आणि ज्युडिथ सोलोमन यांनी चौथा, विस्कळित अनुबंधाचा प्रकार वेगळा काढला. ज्याच्याकडे धाव घ्यायची त्याचीच भीती वाटणारी ही मुले होती.

बोल्बी यांच्या मांडणीतला एक दोष मात्र गंभीर होता. सगळा भार त्यांनी आईवर टाकला. युद्ध संपल्यावर कामावर जाणाऱ्या स्त्रियांना घरी बसवण्यासाठी, पाळणाघरे बंद करण्यासाठी या सिद्धांताचा आधार घेतला गेला, आणि त्याबद्दल स्त्रीवादी अभ्यासकांनी जे कडक शब्द वापरले ते रास्त होते. १९६४ मध्ये रुडॉल्फ शॅफर आणि पेगी एमर्सन यांनी ग्लासगोच्या ६० बाळांचा अभ्यास छापला. दीड वर्षाच्या वयात फक्त एकाच व्यक्तीचा लळा असलेली मुले अगदी थोडी निघाली. बहुतेकांना बाप, आजी-आजोबा, भावंडे, शेजारी यांचीही ओढ होती. १९७२ मध्ये मायकेल रटर यांनी आईच्या वियोगाच्या सर्व पुराव्याची फेरतपासणी केली. लळा तुटणे वेगळे आणि लळा कधी लागलाच नसणे वेगळे, आणि दुसरे कितीतरी जास्त घातक, हे त्यांनी दाखवले. मुलग्यांच्या समाजविरोधी वर्तनाचा संबंध नुसत्या दुराव्यापेक्षा घरातल्या सततच्या भांडणांशी अधिक होता. चांगली पाळणाघरे मुलांना अपाय करत नाहीत, हेही पुढच्या अभ्यासांत दिसून आले.

या सिद्धांताची सर्वांत मोठी आणि सर्वांत दुःखद परीक्षा रुमानियात झाली. निकोलाय चाउशेस्कू यांच्या सरकारने लोकसंख्या वाढवण्यासाठी १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. गरीब घरांत न पोसवणारी मुले सरकारी संस्थांत येऊन पडली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा तिथे एक लाखाहून अधिक मुले होती. ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या १६५ रुमानियन मुलांचा रटर आणि सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून सुटलेली मुले जवळपास पूर्ण सावरली. त्यापेक्षा अधिक काळ राहिलेल्यांपैकी अनेकांना लक्ष न टिकणे, परक्यांशी अवाजवी सलगी, आत्ममग्नतेसारखी लक्षणे हे त्रास तरुणपणीही राहिले. बुद्ध्यंकातली उणीव कालांतराने बरीच भरून निघाली, पण नैराश्य आणि चिंता पौगंडावस्थेनंतर नव्याने डोके वर काढताना दिसल्या. १९७५ मध्ये मिनेसोटात सुरू झालेल्या गरीब कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासानेही सुरुवातीच्या नात्यांचे पडसाद किशोरवयातल्या मैत्रीपर्यंत ऐकू येतात, असे नोंदवले होते. मात्र तो शिक्का कायमचा नसतो, हेही त्यातच दिसले. सहा महिन्यांहून जास्त काळ संस्थेत काढलेल्या रुमानियन मुलांपैकी सुमारे पाचवा हिस्सा तरुणपणी कोणत्याही त्रासाविना जगत होता.

बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, चार्ल्स झीना आणि नेथन फॉक्स यांनी २००० च्या सुमारास चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग उभारला. सहा संस्थांमधली, सहा ते ३१ महिन्यांची १३६ मुले. त्यांतील ६८ जणांना खास तयार केलेल्या पालक-कुटुंबांत पाठवले. बुखारेस्टमध्ये अशी कुटुंबे तेव्हा जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे ६८ मुलांसाठी ५६ कुटुंबे संशोधकांनाच शोधून घडवावी लागली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक ७३, कुटुंबात गेलेल्यांचा ८१ आणि स्वतःच्या घरी वाढलेल्यांचा १०९ होता. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांची प्रगती ठळक होती. अर्ध्या मुलांना संस्थेत राहू द्यायचे, यावर नैतिक प्रश्न उठले आणि ते उठायलाच हवे होते. संशोधकांनी एक अट पाळली: संस्थेतल्या कोणत्याही मुलाला घर मिळत असेल तर अभ्यासासाठी त्याला रोखायचे नाही. २००४ च्या कायद्याने रुमानियात दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवण्यावर बंदी आली.

भारतात या विषयाचा संस्थात्मक प्रवास मुंबईत सुरू झाला. सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९३७ मध्ये बाल-मार्गदर्शन केंद्र काढले. देशातले हे पहिले केंद्र. भारतातल्या बालरुग्णांच्या वॉर्डात आई मुलाच्या खाटेशी बसून असते, त्यामुळे लंडनसारखी लढाई इथे लढावी लागली नाही. कमी वजनाच्या नवजात बाळांच्या कक्षात मात्र आईला बाहेरच थांबवले जाई. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत अशा ३,२११ बाळांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मापासूनच आईच्या उघड्या छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. रक्तातला संशयित जंतुसंसर्गही आई आत असलेल्या गटातच कमी होता. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी याच पद्धतीची शिफारस केली.

संस्थांमधल्या मुलांबाबत देशाचा २०१५ चा बाल न्याय कायदा मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. त्याआधी स्वतःचे कुटुंब, दत्तक, प्रतिपालक कुटुंब हे मार्ग पाहावेत, असे सांगतो. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना याच दिशेची आहे: आईबाप गमावलेल्या किंवा ज्यांचे आईबाप सांभाळू शकत नाहीत अशा मुलांना नातेवाइकांकडे किंवा इतर कुटुंबात वाढवण्यासाठी त्या घराला दरमहा रक्कम दिली जाते. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास विभागाकडे करायचा असतो. ज्या घरात असे मूल आहे त्या घरापर्यंत ही माहिती पोहोचणे आवश्यक आहे.